घोडा नको

"घोडा ठरला," देवदान मास्तर म्हणाले, आणि माझ्या हातातला चहा हिंदकळून पँटीवर सांडला. खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण क्षणभरच. मग लगेच छातीत काहीतरी अडखळलं, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं. रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. चर्चच्या आवारात लिंबाखाली बायका पदरानं वारा घेत बोलत होत्या, आणि मास्तर माझ्यासमोर उभं राहून घोड्याचं वर्णन करत होते. पांढरा घोडा. लग्नातला. लाल मखमलीची झूल, पितळी साज, नुसता उभा राहिला तरी लोक वाट सोडतील. "हुबळीची जनं बघतच राहतील री, गोपाळराव!" मास्तर कानडी शाळेतून निवृत्त झालेले, आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे, आनंद झाला की ते हात चोळायचे, तसे ते चोळत होते. पुढचा रविवार झावळ्यांचा होता. प्रभू येरुशलेम शहरात आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. दरवर्षी आम्ही आवारातल्या आवारात झावळ्या घेऊन एक चक्कर मारायचो आणि घरी जाऊन जेवायचो. या वर्षी पहिल्यांदाच मिरवणूक पेठेतून काढायची ठरली होती, आणि प्रभूच्या जागी बसायला मला निवडलं होतं. माझी योग्यता एवढीच की माझी दाढी खरी होती. हनुवटीवरच्या इसबामुळे डॉक्टरांनी वस्तरा बंद केला होता. मंडळीतले बाकीचे सगळे पुरुष गुळगुळीत.

देशपांडे नगरातल्या माझ्या बिऱ्हाडाकडे पायी निघालो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मी स्वतःला घोड्यावर बसवून पाहिलं. छान दिसत होतो. मिरवणूक जवळी साळेत, कापडबाजाराच्या गल्लीत, शिरते, दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, ओळखीची सगळी तोंडं वर उचललेली, आणि आमच्या दुकानासमोर घोडा जरासा थबकतो. आमच्या म्हणजे आता अण्णाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या. गादीवर बसलेला अण्णा मान वर करून माझ्याकडे बघतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझ्याकडे मान वर करून बघावं लागतं! घोड्याची गोष्ट निघाल्यापासून हे चित्र मी आठवडाभर मनात घोळवत होतो, हे त्या उन्हात एकदम माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःचंच हसू आलं. कारण ज्या वचनासाठी ही सगळी मिरवणूक, त्यात घोडा नव्हताच. येशूच्या जन्माआधी पाचशे वर्षं, पडझड झालेल्या एका शहरात जखऱ्या नावाच्या संदेष्ट्यानं लोकांना सांगितलं होतं, आनंद करा, तुमचा राजा तुमच्याकडे येतोय; तो न्यायी आहे, तारणारा आहे आणि नम्र आहे; तो गाढवावर बसून येतोय. गाढवावर! मी रस्त्यातच थांबलो. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं मला कानडीत एक शिवी दिली आणि मी त्याच्याकडे बघून हसलो.

गाढव मी शंभरदा वाचलं होतं, पण दिसलं नव्हतं. आमच्या धंद्यात असं होतं. एखादी बाई जुन्या खणाचा बोटभर तुकडा घेऊन येते, याला जोड दाखवा म्हणते. तुम्ही ताग्यावर तागे उलगडत बसता, रंग मिळतो तर काठ मिळत नाही, काठ मिळतो तर पोत वेगळा. आणि मग कधीतरी एखाद्या ताग्यावर तो तुकडा ठेवता आणि तो कुठं संपला आणि तागा कुठं सुरू झाला ते कळेनासं होतं. अंगावर काटा येतो. बाई पैसे मोजून निघून जाते, तिला काही नाही, पण दुकानदाराचा दिवस सोन्याचा होतो. ही जोड लावण्यात अण्णाचा हात कुणी धरू शकत नव्हतं आणि मी त्याच्याच हाताखाली शिकलो. देवदान मास्तर चर्चच्या पाळकांच्या झग्यासाठी पांढरं कापड घ्यायला दुकानात आले होते, तेव्हा बोलता बोलता त्यांनी माझ्यासमोर असाच एकेक तुकडा टाकला होता. राजा जन्माला येईल तो बेथलेहेमासारख्या कुणी न विचारणाऱ्या गावात. त्याला रूप नसेल, लोक त्याला बघून तोंड फिरवतील. त्याला मारायला नेतील तेव्हा तो कातरणाऱ्यासमोरच्या मेंढरासारखा गप्प राहील. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या शतकांत, एकमेकांना न विचारता बोलून ठेवलेलं. आणि मग एका सुताराच्या घरात वाढलेला तो, ज्याच्यावर सगळे तुकडे बसत गेले. मी कापड मोजायचं विसरलो. मास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, मग येतच राहिले, आणि अण्णा सगळं बघत होता. मी बाप्तिस्मा घेतला त्या संध्याकाळी त्यानं दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, "आता ही पायरी चढायची नाही. तुझं आमचं संपलं." आवाज चढवला नाही. त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मग मी तारिहाळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटलो, नटबोल्टांची आवक-जावक बघू लागलो, आणि दोन वर्षांत अण्णा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बाजारात समोर आला तर रस्ता ओलांडायचा. वडील गेल्यावर ज्यानं मला वाढवलं त्या माणसाला माझ्यामुळे रस्ता ओलांडावा लागतो, हे मला सहन होत नव्हतं. मला माझा देव पाहिजे होता आणि माझा अण्णाही पाहिजे होता, आणि या दोन्हींत मला अजूनही काही विसंगत वाटत नाही.

घरी पोचेपर्यंत मला दुसरंच एक गाढव दिसू लागलं होतं. आमचं आजोळ अळणावरच्या बाजूला, जंगलाला लागून. मी सहा-सात वर्षांचा असेन. गावात हलगी वाजायला लागली म्हणून सगळे धावले, अण्णानं मला खांद्यावर घेतलं. कृष्णा नावाचा एक शेतमजूर होता, त्याला गाढवावर उलटं बसवलं होतं, तोंड शेपटाकडे. अर्धं डोकं भादरलेलं, अर्ध्या मिशा, तोंडाला काजळी, गळ्यात फाटक्या वहाणांची माळ. पाटलाच्या खळ्यावरचं धान्य चोरलं म्हणून धिंड. पोरं शेण मारत होती, मोठी माणसं पोटं धरून हसत होती, आणि मीही हसत असणार, कारण सगळेच हसत होते. त्याची बायको हिराबाई गाढवाच्या बरोबरीनं चालत होती. रडत नव्हती, कुणाला शिव्या देत नव्हती; नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून नुसती चालत होती. पुढं धान्य कुणी नेलं ते कळलं, ते त्यानं नेलेलंच नव्हतं, पण तोवर कृष्णा गाव सोडून गेला होता. आमच्या मुलखात गाढवावर बसणं म्हणजे हेच. कुंभार-वडारसुद्धा गाढवावर माती लादतात, स्वतः बसत नाहीत. आणि आमचा राजा बसून येतो तो याच्यावर! मी दाराशी एकच चप्पल काढून उभा राहिलो. घोड्यावरचा राजा कृष्णाला दिसला तरी नसता. गाढवावरच्या राजाकडे मात्र त्यानं मान वर करून पाहिलं असतं आणि त्याला वाटलं असतं, अरे, हा माझ्या जागेवर येऊन बसला.

"मालती!" मी दारातूनच ओरडलो. "घोडा नको. गाढव!"

मालती भाकरी थापत होती. ती माझ्याबरोबर बाप्तिस्मा घ्यायला आली नव्हती आणि मला सोडूनही गेली नव्हती; कोनाड्यात तिचे देव आणि खिडकीत माझं शास्त्र, असा आमचा संसार. तिनं सगळं ऐकून घेतलं. तवा उतरवला. मग म्हणाली, "अहो, तुम्ही धर्म बदललात, मी काही बोलले काय? पण थोरल्या भावजींच्या दारावरनं गाढवावर बसून जाणार तुम्ही? पेठेत त्यांना तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, असंच ठरवलंय काय? त्यांना वाटेल, सूड घ्यायलाय धाकटा."

"सूड कसला गं? आनंद आहे हा!"

"तो तुम्हाला ठाऊक. त्यांना कोण सांगणार? दिवाळीला जाऊबाईंनी, शांताक्कांनी, भावजींच्या चोरून फराळ पाठवला. एवढी एक फट उरलीय दाराला. तीही बंद करा." आणि तिनं पुन्हा तवा चढवला. तिचं खरं होतं. तिचं शंभर टक्के खरं होतं, आणि तरी मी जेवताना हसत होतो. भीतीही आणि हसूही, अशी अवस्था माझी लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा झाली नव्हती. गाढवावर बसलो तर अण्णा कायमचा जाईल. घोड्यावर बसलो तर मी जे खरं मानतो ते मखमलीखाली झाकून त्याच्या दारावरून मिरवत जाईन. तिसरी वाट शोधायचा मी रात्रभर प्रयत्न केला आणि पहाटे ती नाही हे पटल्यावर शांत झोप लागली.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. "ब्याडरी, गोपाळराव. नको. प्रभूला कत्तीवर, गाढवावर? भर पेठेत? जनं हसतील."

"शास्त्रात तेच आहे की, मास्तर."

"शास्त्रात आहे ते त्या देशाचं. तिकडं कत्तीवर बसण्यात कमीपणा नसंल. इकडं हाय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही मोठ्या घरातून आलासा. तुम्हाला मान नकोसा वाटतो, कारण तो तुम्हाला जन्मापासून आहे. माझा आजा दुसऱ्याच्या ओसरीवर चढू शकत नव्हता. मान मिळवता मिळवता आमची हयात गेली. एक दिवस आमचा देव घोड्यावर बसला तर काय बिघडतं?" माझा उत्साह लोण्यासारखा वितळला. मास्तरांच्या घोड्यात किती वर्षांची वाट पाहणं होतं ते मला दिसलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की मास्तर, तुमच्या आजोबांना ज्या ओसरीवर चढू दिलं नाही, तिथं घोड्यावरच्या राजाला तर कुणीही चढवलं असतं; गाढवावरचा मात्र त्यांच्याबरोबर खालीच उभा राहिला असता. ते लिंबाच्या खोडावरचे मुंगळे बघत राहिले. मग म्हणाले, "कत्ती तुम्हीच शोधायची. मी घोडेवाल्याला सांगतो. तो मला वेडा म्हणणार बघा." आणि हात चोळू लागले.

गाढव मिळालं ते रायापूरच्या वीटभट्टीवर. रामू नावाचा वडार त्याच्यावर माती वाहत होता. त्यानं आधी मला नखशिखान्त पाहिलं, मी उंच माणूस, आणि म्हणाला, "साहेब, तुमचं पाय भुईला लागतील." बसून पाहिलं. अगदी लागले नाहीत, पण फारसे वरही राहिले नाहीत. गाढवाची पाठ गरम होती आणि कातडी थरथरत होती. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा आणि वाळक्या गवताचा वास होता. ते वळून माझ्याकडे बघेल असं मला उगीच वाटलं, पण त्याला काही पडलेलं नव्हतं. "माणूस वाहायची सवय नाही त्याला," रामू म्हणाला. मी म्हणालो, "मलाही बसायची नाही." मग आम्ही दोघं हसलो आणि रविवारी दोरी धरून बरोबर यायचं त्यानं कबूल केलं.

त्या साली होळी आणि झावळ्यांचा रविवार एकमेकांना खेटून आले होते. पेठेत चौकाचौकांत मांडव घालून कामण्णाच्या, म्हणजे मदनाच्या, मूर्ती बसवल्या होत्या, हलग्या सकाळपासून कडकडत होत्या. आमची मिरवणूक निघाली तेव्हा पाळक पुढं, मुलं झावळ्या हलवत, बायका कानडी भजन म्हणत, आणि मधोमध मी, पांढरा झगा घालून, गाढवावर. मालती येणार नाही म्हणाली होती. आवाराच्या फाटकाशी ती उभी होती, तोंडाला पदर लावून, हसू दाबत होती की रडू ते कळलं नाही. पहिल्या वळणापर्यंत मला लाज वाटली. ती कानांत वाटली, कान तापले. मग मानेत, मग तळपायांत. लोक ओरडत होते, "होळीचं सोंग आलं रे!" कुणीतरी शिट्टी मारली, एका टपरीवरून केळ्याची साल येऊन गाढवाच्या मानेवर पडली. मास्तर माझ्या शेजारून ताठ चालत होते, सगळं चष्म्यावर झेलत. आणि मग कुठंतरी, नेमकं कुठं ते मला सांगता येणार नाही, लाज संपली. ती ओसरली नाही, संपलीच, कपभर दूध असावं आणि पिऊन व्हावं तशी. मागं उरलं ते नुसतं हलकं वाटणं. प्रभूलाही हे असंच वाटलं असेल काय? हे शहर आपल्याला काय करणार आहे ते ठाऊक असताना त्याच्या रस्त्यातून असं जायचं, भुईपासून वीतभर उंचीवर, कुणाच्याही डोळ्यांत वरून न बघता! मला गाढवाच्या पाठीवर मोठ्यानं हसावंसं वाटत होतं. मी हसलोही. झावळ्यांची सळसळ, हलग्या, भजन, शिट्ट्या, सगळं एकाच मिरवणुकीचं होतं. आणि समोर जवळी साळेचं तोंड आलं.

दुरूनच मला आमच्या दुकानाची पाटी दिसली. गादीवर अण्णा. गिऱ्हाईक असावं, तो वाकून कापड मोजत होता. हातात लोखंडी गज. वाटलं, देवा, त्याला वर बघू देऊ नकोस; आणि त्याच श्वासात वाटलं, बघू दे. शेजारच्या दुकानातल्या कुणीतरी त्याला हाक मारून बोट दाखवलं. अण्णानं मान उचलली. मी त्याच्याकडे बघत होतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं मला दिसलं. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता तो आत जाईल, दार लोटून घेईल, असं मी मनाशी म्हणालो आणि तयार झालो.

अण्णा उठला आणि गजासकट, अनवाणी, पायऱ्या उतरून सरळ मिरवणुकीत घुसला. झावळ्यावाली मुलं बाजूला पळाली. "थांबवा!" त्याचा आवाज सबंध साळेत घुमला. मी त्याला एवढ्या मोठ्यानं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "कुणी बसवलं याला? कोण तो? समोर या!" भजन बंद पडलं. त्यानं गज मास्तरांच्या छातीपाशी नेला. "काय केलंय माझ्या भावानं? तुमच्यात आला म्हणून त्याला कोणी नाही समजलात काय? चोरी केली? काय उचललं त्यानं तुमचं? मला सांगा, मी बसलोय इथं! माझ्या जिवंतपणी माझ्या भावाची धिंड काढायलात?" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

धिंड! त्याला वाटलं होतं, माझी धिंड काढलीय. आणि तो दार लोटून आत गेला नव्हता, अख्ख्या पेठेदेखत गज घेऊन मला सोडवायला आला होता. माझा भाऊ म्हणाला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी गाढवाची आयाळ घट्ट धरली. "अण्णा," मी कसंबसं म्हणालो, "मला कुणी बसवलं नाही. मी आपणहून बसलोय."

तो माझ्याकडे वळला. दोन वर्षांनी त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले, अगदी समोर. गाढवाच्या उंचीमुळे आम्ही बरोबरीचे झालो होतो. "आपणहून? गाढवावर?"

"हो. आमच्या राजाचं हे असंच सांगितलेलं आहे, अण्णा. फार आधीपासून. तो घोड्यावर येत नाही. ज्यांची धिंड काढतात ना, त्यांच्या जागेवर बसून येतो."

अण्णा बघत राहिला. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती. "वेड लागलंय तुला," तो म्हणाला. "उतर खाली."

"नाही, अण्णा."

सगळी साळ बघत होती. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती, कामण्णाच्या मांडवातल्या हलग्यासुद्धा थांबल्या होत्या. पलीकडून कापडवाला मारुती शेट हसत अण्णाला ओरडून म्हणाला, "काय हो रामचंद्रशेट, धाकट्याचं सोंग झकास आहे की!" अण्णानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. एकदा आपल्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. मग गज काखेत मारला, रामूकडे वळला आणि त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.

"दे इकडं. माझा भाऊ परक्याच्या हातानं या साळेतून जायचा नाही."

रामूनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. अण्णा गाढवाच्या पुढं झाला. तापल्या फरशीवर त्याचे अनवाणी पाय भाजत असणार, पण त्यानं चपलांसाठी कुणाला हाक मारली नाही. मास्तरांनी डोळे पुसून भजन धरलं, एकट्यानंच, बेसूर. मग बायकांनी उचललं. संदेष्ट्यानं राजाचं सांगून ठेवलं होतं, गाढवाचं सांगितलं होतं. दोरी कोण धरील याबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. मला हसू आणि रडू एकदमच आलं, मी तोल जाऊन एका बाजूला कललो, आणि मागं न बघता, दोरीला एक हिसका देऊन अण्णा म्हणाला, "नीट बस. पडशील."